फाटक्या टपातून निघालेला सूडपट

कुटुंबावर अत्याचार होतो, पोलीस हात टेकतात आणि साधा माणूस हत्यार उचलतो. असे इतके चित्रपट आपण पाहिले आहेत की या गोष्टीला कुणी जन्मदाता असेल, असं वाटतच नाही. आजच्या शहरी सूडपटाला मात्र तो आहे. त्याचं नाव ब्रायन गारफील्ड.

न्यूयॉर्कमध्ये उभ्या करून ठेवलेल्या त्याच्या गाडीचं कापडी टप कुणीतरी चाकूनं फाडलं. तशाच गाडीतून घरी जाताना, तो माणूस सापडला तर त्याचा जीव घ्यावा, इतका त्याला संताप आला. पुढे राग ओसरला. पण हा राग ज्याच्या डोक्यातून कधी उतरलाच नाही, त्या माणसाचं काय होईल? या प्रश्नातून 1972 साली ‘डेथ विश’ ही कादंबरी आली.

तिचा नायक पॉल बेंजामिन हा हिशेबतपासनीस, पापभीरू गृहस्थ. बायको आणि मुलीवर झालेला हल्ला त्याला फोनवरून कळतो, आपल्यालाही तेवढाच कळतो. मग हा माणूस आतून कसा किडत जातो, हे गारफील्ड दाखवत नेतो. पॉल बरोबर वागतोय, असं तो कुठेही म्हणत नाही.

1974 सालच्या चित्रपटात दिग्दर्शक मायकेल विनर यांनी हिशेबतपासनिसाचा वास्तुविशारद केला. तो बदल किरकोळ होता. हल्ला मात्र त्यांनी पडद्यावर दाखवला, तोही अंगावर येईल असा. तो पाहिलेल्या प्रेक्षकाला पुढची प्रत्येक गोळी हवीहवीशी वाटते. आणि भूमिकेत आले चार्ल्स ब्रॉन्सन! हे काम आधी जॅक लेमन यांच्याकडे जाणार होतं. खांदे पाडून चालणारा लेमन पिस्तूल धरतो, तेव्हा आपल्याला त्याची काळजी वाटली असती. दगडी चेहऱ्याच्या ब्रॉन्सननं ते धरलं की थिएटरात टाळ्या पडतात. ही भूमिका आपल्यासाठी नव्हती, असं पुढे खुद्द ब्रॉन्सनही म्हणाले. माझ्या मते कादंबरीचा अर्थ उलटला तो या निवडीनं, पटकथेनं त्यामानानं कमी. शेवटी शिकागोच्या स्टेशनवर तो गुंडांवर बोटाचं पिस्तूल रोखून हसतो. त्या हसण्यात पश्चात्तापाचा लवलेश नाही.

गारफील्ड व्यथित झाला. 1975 साली त्यानं ‘डेथ सेंटेन्स’ ही पुढची कादंबरी लिहिली, जवळजवळ प्रायश्चित्त म्हणून. तोवर उशीर झाला होता. ब्रॉन्सनला घेऊन 1994 पर्यंत आणखी चार भाग निघाले. 22 डिसेंबर 1984 रोजी न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत बर्नहार्ड गेट्झ नावाच्या प्रवाशानं चार तरुणांवर गोळ्या झाडल्या, तेव्हा वृत्तपत्रांनी त्याला याच चित्रपटाचं नाव चिकटवलं. खुनाच्या प्रयत्नाच्या आरोपातून ज्यूरीनं त्याला सोडलं. शिक्षा झाली ती बेकायदा पिस्तूल बाळगल्याची.

त्याच वर्षी मुंबईत रवी चोप्रांचा ‘आज की आवाज’ आला. राज बब्बर प्राध्यापक, सोबत स्मिता पाटील. साचा ‘डेथ विश’चाच होता.

गारफील्डच्या मनातला कारकुनी चेहऱ्याचा माणूस मला सापडला तो मराठीत. निशिकांत कामत यांच्या ‘डोंबिवली फास्ट’मधला (2005) माधव आपटे बँकेत नोकरी करतो, लोकलला लोंबकळतो, नियम पाळतो. या चित्रपटाचं नातं ‘फॉलिंग डाउन’ या हॉलिवूडपटाशी अधिक जवळचं आहे, गारफील्डची कादंबरी काही त्याचं मूळ नव्हे. तरी संदीप कुलकर्णी बॅट घेऊन तोडफोड करायला लागतात, तेव्हा त्यांच्या शिणलेल्या चेहऱ्याकडे बघून टाळी वाजवायला हात उचलत नाही. या माणसाला कुणीतरी घरी घेऊन जा, असंच वाटत राहतं. कामत यांनी स्वतःच हा चित्रपट पुढे तमिळमध्ये माधवनला घेऊन केला. हॉलिवूडनं 2018 साली ‘डेथ विश’ पुन्हा काढला, तेव्हा पॉलच्या जागी ब्रूस विलिस होते.