‘शीळ’ : एका तबकडीचें यश

वाङ्मयाच्या इतिहासांत ग्रंथांच्या आवृत्त्या मोजण्याची चाल आहे. ध्वनिमुद्रिकांच्या खपाची दखल घेण्याची नाहीं. कविता छापली जाते तोंवर ती वाङ्मय, आणि तीच गाऊन विकली जाऊं लागली म्हणजे केवळ करमणूक, असा आपला एक अलिखित समज आहे. या समजामुळें आधुनिक मराठी कवितेच्या इतिहासांतील एक महत्त्वाचें प्रकरण उपेक्षित राहतें. तें प्रकरण म्हणजे १९३२ च्या सुमारास निघालेली ‘शीळ’ ही ध्वनिमुद्रिका. तिचे कवि ना. घ. देशपांडे हे बुलढाणा जिल्ह्यांतील मेहकरचे. गायक व स्वरकार गोविंदराव ऊर्फ जी. एन्. जोशी हे नागपूरचे. वर्ध्याला लागून असलेल्या आमच्या सिंदी मेघेहून नागपूर अवघें पाऊणशें किलोमीटर. तेव्हां आम्हां वैदर्भीयांना तर ही हकीकत घरचीच वाटावी.

या तबकडीपूर्वीं मराठी घरांत ग्रामोफोन अपरिचित होता असें नाहीं. १९०२ सालीं गैसबर्ग या तंत्रज्ञानें कलकत्त्यास गौहरजानचें गाणें मुद्रित केलें, आणि थोड्याच काळांत हा व्यापार देशभर पसरला. परंतु महाराष्ट्रांत तबकडीवर मुख्यतः ऐकूं येई तें नाट्यपद किंवा बैठकीचें गाणें. बालगंधर्वांचें पद घेणारा गृहस्थ वास्तविक रंगभूमीची आठवण विकत घेत असे. गायकाची कीर्ति आधीं नाटकगृहांत होई व मागाहून बाजारांत येई. म्हणजे तबकडी ही कीर्तीची छाया होती. कीर्ति निर्माण करण्याचें सामर्थ्य तिच्या अंगीं आहे, हें अद्याप कोणाच्या ध्यानांत आलें नव्हतें.

‘शीळ’ या कवितेमागें नाटक नव्हतें, कथानक नव्हतें, नटाचें वलय नव्हतें. रानांतून ऐकूं येणारी शीळ आणि तिनें व्याकुळ झालेलें एका ग्रामीण मुलीचें मन, एवढाच तिचा विषय. कवि आणि गायक दोघेहि १९०९ सालीं जन्मलेले, म्हणजे ऐन तेविशींतले, आणि दोघांचेंहि शिक्षण वकिलीचें. अशा दोन नवख्या तरुणांची तबकडी घरोघर वाजूं लागली, ही त्या काळच्या व्यापाऱ्यांना चकित करणारी गोष्ट होती.

या यशाचीं कारणें शोधूं लागलें असतां तीन दिसतात. पहिलें वाङ्मयीन. १९२३ सालीं पुण्यास स्थापन झालेल्या रविकिरण मंडळाच्या कवींनीं जाहीर काव्यगायनाची प्रथा रूढ केली होती. कविता कानांनीं ऐकण्याची गोडी सुशिक्षितांना लागलेली होती. दुसरें यांत्रिक. १९२५ नंतर विजेच्या साहाय्यानें ध्वनिमुद्रण होऊं लागलें. पूर्वींच्या कर्ण्यापुढें गायकास ओरडून गावें लागे. नव्या यंत्रानें हळुवार स्वरहि टिपला जाऊं लागला. मनांतल्या मनांत म्हणावें असें गाणें त्यामुळेंच शक्य झालें. शिवाय दहा इंची तबकडीच्या एका बाजूस जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटांचा अवकाश. रागविस्तारास तो अपुरा, पण चार-पांच कडव्यांच्या भावकवितेस मोजून दिल्यासारखा. तिसरें कारण सामाजिक. नाटकगृहांत वा बैठकींत जाण्यास ज्यांना मोकळीक नव्हती, अशा घरांतील स्त्रियांनाहि आतां माजघरांत बसून गाणें ऐकतां येऊं लागलें. आणि हें गाणें तर एका मुलीच्याच तोंडचें होतें.

येथें एक गंमत नमूद करण्याजोगी आहे. त्या काळची तबकडी लाखेची असे, आणि ही लाख पळस, बोर व कुसुम यांच्या झाडांवरील किड्यांपासून मिळे. छोटा नागपूर आणि मध्यप्रांत यांच्या रानांतून ती गोळा होई. रानांतली लाख कारखान्यांत जाऊन रानाचेंच गाणें घेऊन परत येत होती!

‘शीळ’च्या यशानें भावगीत या प्रकाराला बाजार मिळाला. पुढें गजानन वाटवे, ज्योत्स्ना भोळे यांचीं गाणीं ज्या वाटेनें घरोघर गेलीं, ती वाट या तबकडीनें पाडली होती. स्वतः जोशी १९३८ सालीं ‘हिज् मास्टर्स व्हॉइस’ कंपनींत ध्वनिमुद्रणाचे अधिकारी झाले आणि अनेक थोर कलावंतांचे स्वर त्यांनीं मुद्रित करून ठेवले. शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया व ब्रिजभूषण काबरा यांची १९६७ ची जगप्रसिद्ध ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही मुद्रिकाहि त्यांच्याच देखरेखीखालीं सिद्ध झाली.

आणि कवीचें काय झालें? देशपांडे मेहकरांत वकिली करीत राहिले. ‘शीळ’ याच नांवाचा त्यांचा पहिला काव्यसंग्रह प्रसिद्ध झाला तो १९५४ सालीं. म्हणजे गाणें महाराष्ट्रभर झाल्यावर सुमारें बावीस वर्षांनीं! ‘खूणगाठी’ या संग्रहास साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला तो १९८६ त. १९४७ सालीं फ्रान्समध्यें एदित पियाफ हिच्या ‘ला व्ही आं रोज’ या गाण्यास अपार लोकप्रियता लाभली. तेथें शब्द आणि स्वर एकाच व्यक्तीचे असल्यानें कीर्तीची वांटणी करावी लागली नाहीं. आपल्याकडे ती करावी लागली, आणि शब्दांच्या वांट्यास थोडें आलें.

यांत गायकाचा दोष मुळींच नाहीं. जोशांनीं स्वर दिला नसता तर ही कविता एखाद्या मासिकाच्या जुन्या अंकांत पडून राहिली असती. दोष असेल तर तो आपल्या ऐकण्याच्या सवयीचा आहे. ‘गाणें कोणाचें?’ या प्रश्नास आपण आजहि गायकाचें नांव सांगून मोकळे होतों. तबकडी जाऊन गाणें भ्रमणध्वनींत आलें तरी ही सवय सुटलेली नाहीं. बाजारानें मराठी भावकवितेस श्रोता मिळवून दिला, हें त्याचें ऋण मान्य करावें. त्या श्रोत्याला कवीपर्यंत नेणें हें काम मात्र बाजाराचें नव्हे. तें वाङ्मयाच्या अभ्यासकांचें आहे, आणि त्यांनीं तें अंगावर घ्यावयास हवें.