दगडावरचे दर



आम्ही पंडित नव्हे. उभा जन्म बाजारपेठेतील हमालांच्या संघटनेत गेला; वाचन झाले ते रात्री, वाचनालयाच्या पुस्तकांवर. त्यामुळे इतिहास वाचतानाही आमची नजर आधी ओझ्याकडे जाते. आज सीरियाच्या वाळवंटातील पाल्मायरा या शहराविषयी बोलावयाचे आहे. तेथील लोक त्याला तदमोर म्हणतात.

हे शहर भर वाळवंटात कशासाठी वसले? पश्चिमेस होम्स सुमारे १५० किलोमीटर, नैर्ऋत्येस दमास्कस सुमारे २१५, आणि पूर्वेस युफ्रेटिस नदी सुमारे २००. मध्ये एफ्का नावाचा गंधकयुक्त पाण्याचा झरा. पश्चिमेचा मुलूख रोमनांचा, पूर्वेचा पार्थियनांचा. दोघांमधील पुष्कळ माल येथून जाई. उंटांचे तांडे युफ्रेटिस गाठीत, आणि तेथून इराणी आखाताच्या टोकाशी असलेल्या खॅराक्स बंदराशी व्यवहार चाले. इ. स. १५७ च्या एका शिलालेखात गलबताने ‘सिथिया’हून परतलेल्या व्यापाऱ्यांनी आपल्या आश्रयदात्याचे आभार मानले आहेत. सिथिया म्हणजे आपल्या सिंधूच्या मुखाकडील प्रदेश, असे अभ्यासक मानतात. तेव्हा त्या वाळवंटातील माणसाला शेजारचे शहर म्हणजे केवळ दमास्कस नव्हे. हजारो कोसांवरचे बंदरही त्याचे शेजारीच होते.

मात्र जेथे वाटा मिळतात तेथे तंटेही मिळतात. १८ एप्रिल १३७ रोजी या शहराच्या सभेने एक ठराव केला. जुन्या कायद्यात पुष्कळ वस्तूंचा कर लिहिलेलाच नव्हता, वसुली वहिवाटीने चाले, आणि व्यापारी व वसुली करणारे यांच्यात वारंवार वाद होत. म्हणून सगळे दर लिहून काढावे, आणि ते दगडावर कोरून रबासिरे या देवळासमोर उभे करावे, असे ठरले. मजकूर दोन भाषांत कोरला : ग्रीक आणि तेथली आरामी. परका वाचील आणि घरचाही वाचील! हा दगड १८८१ साली सापडला. आता तो सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात आहे.

दर पाहा. अलाबास्टरच्या कुप्यांतून आणलेल्या सुगंधी तेलाचा उंटभर बोजा असेल तर २५ डिनारियस. तेच तेल बकऱ्याच्या कातड्याच्या पिशव्यांतून आणले तर १३. संस्कृतातला ‘दीनार’ हा शब्द या नाण्याच्याच नावावरून आला. गावातील झऱ्यांच्या पाण्याच्या वापरासाठी वर्षाला ८००.

हे वाचताना आम्हांला आमचीच पेठ आठवली. आमच्या तरुणपणी तेथे वाराईचा दर तोंडी असे. सकाळी एक, संध्याकाळी दुसरा. पुढे दरपत्रक छापून गोदामाच्या दारावर लावण्यात आले. त्या दिवसापासून भांडणे संपली असे नाही; परंतु भांडण कशाचे आहे, हे मात्र सर्वांना कळू लागले. हेही काही थोडे नव्हे.

पण त्या दगडात एक उणीव आहे. उंटाचा दर आहे, मालाचा आहे, विकायला आणलेल्या माणसाचासुद्धा आहे. उंट हाकणाऱ्याची मजुरी मात्र कोठेच नाही. तांडा सुखरूप आणणाऱ्या सार्थवाहांचे पुतळे व्यापाऱ्यांनी उभारले, त्यांची नावे कोरली. उंटवाल्यांची नावे कोणी कोरली नाहीत.

राणी झेनोबियाने रोमशी वैर केले, २७२ मध्ये सम्राट ऑरेलियनने शहर जिंकले, २७३ मध्ये बंडानंतर लुटले, आणि शहर बुडाले, असे सांगतात. ते खरे, पण पुरते नव्हे. त्याआधीच पार्थियनांच्या जागी सासानी आले होते आणि खॅराक्स त्यांच्या हाती गेले होते. तेव्हापासून तांड्यांचे शिलालेख विरळ होत जातात. म्हणजे तट पडण्यापूर्वीच वाट आटली होती.

वाळवंटातले शहर तटावर जगत नाही, वाटेवर जगते. वाट टिकते ती दोन्ही टोकांच्या माणसांच्या करारावर, आणि तिच्यावरून चालणाऱ्या पायांवर. तदमोरच्या लोकांनी पहिली गोष्ट दगडावर लिहिली. दुसरी लिहावयाची राहिली. ती लिहिण्याचे काम आपल्याकडेही अजून पुरे झालेले नाही.