घरी परतणारा मुलगा : मराठी शालेय कथेतील पौरुषाची घडण

शालेय कादंबरी या संज्ञेने इंग्रजी वाङ्मयात एक विशिष्ट प्रकार ओळखला जातो. त्यात मुलगा घर सोडून निवासी शाळेत दाखल होतो, थोरल्या मुलांचा जाच सोसतो, खेळाच्या मैदानावर नाव कमावतो आणि अखेरीस ‘पुरुष’ होऊन बाहेर पडतो. थॉमस ह्यूज याच्या ‘टॉम ब्राउन्स स्कूल डेज’ या 1857 सालच्या कादंबरीने या प्रकाराचा साचा रूढ केला. तिच्यातील रग्बी शाळा ही 1828 पासून मुख्याध्यापक असलेल्या थॉमस आर्नल्डची शाळा होय. धाकट्या मुलांनी वरच्या वर्गातील मुलांची चाकरी करण्याची तेथील प्रथा, फ्लॅशमन या दांडगटाने टॉमला विस्तवासमोर धरून भाजण्याचा प्रसंग आणि टॉमवर सोपवलेला नाजूक प्रकृतीचा आर्थर यांतून बळ, सोशिकपणा आणि श्रद्धा यांची जी सांगड घातली गेली, तिला त्या काळी ‘बलदंड ख्रिस्तीपणा’ अशा अर्थाचे नाव मिळाले होते. या साऱ्या रचनेची पूर्वअट एकच होती : आई दृष्टीआड असली पाहिजे.

मराठी मुलाच्या बाबतीत ही अट क्वचितच पुरी झाली. 1880 साली पुण्यात स्थापन झालेल्या न्यू इंग्लिश स्कूलसारख्या राष्ट्रीय बाण्याच्या शाळा दिवसा भरणाऱ्या होत्या. गावातून आलेला विद्यार्थी नातेवाइकांकडे राही किंवा वार लावून, म्हणजे आठवड्याचे सात दिवस सात घरी जेवून, शिक्षण करी. शरीर कमावण्याची जागाही शाळेबाहेर, तालमीत होती. तालीम म्हणजे जोर, बैठका, कुस्ती आणि मल्लखांब यांचा आखाडा असे, आणि अमरावतीच्या 1914 सालच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळासारख्या संस्थांनी त्या परंपरेला संघटित रूप दिले. नाशिकची भोसला मिलिटरी स्कूल 1937 साली आणि साताऱ्याची सैनिक शाळा 1961 साली सुरू झाली, तेव्हा शिस्त, कवायत आणि वसतिगृह एका आवारात आले खरे. परंतु मराठी वाचकाच्या मनात घर करून राहिलेला शाळकरी नायक या आवारातून आलेला नाही. तो संध्याकाळी दप्तर टाकून घरात शिरणारा मुलगा आहे, आणि त्याच्या पुरुषपणाचा निवाडाही बहुतेक वेळा घरातच होतो.

साने गुरुजींचे ‘श्यामची आई’ हे या निवाड्याचे सर्वांत ठळक उदाहरण होय. 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेले आणि 1935 साली प्रसिद्ध झालेले हे पुस्तक शालेय कादंबरी म्हणवत नाही, तरीही मराठी मुलगेपणाची कल्पना जितकी त्याने घडवली तितकी कोणत्याही पाठ्यपुस्तकाने घडवली नसेल. त्यातील पोहण्याचा प्रसंग बारकाईने पाहण्याजोगा आहे. श्याम पाण्याला भितो आणि लपून बसतो. त्याला शोधून, मारून विहिरीकडे पिटाळणारी व्यक्ती वडील, मास्तर किंवा वस्ताद यांपैकी कोणी नसून आई असते, आणि आपल्या मुलाला लोकांनी भित्रा म्हणावे हे तिला सहन होत नाही. रग्बीत थोरली मुले जी परीक्षा घेतात ती येथे आई घेते, आणि घेताना स्वतःही दुखावते. दुसरीकडे हाच श्याम पुस्तकभर रडतो, फुले वेचतो, घरकामात हातभार लावतो, आणि यातले काहीही त्याच्या कमीपणाचे लक्षण ठरत नाही. ज्या समाजात हळव्या मुलाला ‘बायक्या’ किंवा ‘भागूबाई’ म्हणून हिणवले जाते, त्या समाजाने अश्रूंनी भिजलेल्या मुलाला आदर्श मानावे, हा विरोधाभास समीक्षेने भावविवशतेचा शिक्का मारून फार लवकर निकालात काढला. अंमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक आणि छात्रालयाचे प्रमुख असताना गुरुजी स्वतः मुलांची आईसारखी सेवा करीत, ही गोष्ट लक्षात घेतली म्हणजे मराठीतले वसतिगृहही रग्बीच्या वळणावर का गेले नाही, याचा काहीसा उलगडा होतो.

इतर शाळकरी नायकांपैकी ना. धों. ताम्हनकरांचा गोट्या अनाथ आहे. त्याचे बळ मनगटापेक्षा हजरजबाबीपणात आणि प्रामाणिकपणात आहे. भा. रा. भागवतांचा बनेश ऊर्फ फास्टर फेणे हा फुरसुंगीचा मुलगा पुण्याच्या विद्याभवनात शिकतो, पण तो हडकुळा आहे, आणि सायकलीवर टांग टाकून तो शाळेपासून जितका दूर जाईल तितकी त्याची कथा रंगते. प्रकाश नारायण संतांचा लंपन मात्र वेगळ्या जातकुळीचा. ‘वनवास’ हा संग्रह 1994 साली आला, तरी त्यातील जग त्याच्या कितीतरी आधीच्या सीमाभागातील, कानडी वळणाच्या मराठीचे आहे. आईवडिलांपासून दूर आजी-आजोबांकडे वाढणाऱ्या या मुलाची व्याकुळता त्याच्या भोवतालच्या कोणालाही पुरती कळत नाही. ती फक्त वाचकाला कळते.

मिलिंद बोकील यांच्या ‘शाळा’ने 2004 साली या परंपरेत पहिल्यांदाच वर्गाच्या मागच्या बाकावरची भाषा निःसंकोचपणे आणली. काळ आणीबाणीचा, नायक मुकुंद जोशी नववीत. मुलीवर ‘लाइन’ मारण्याची कल्पना, मित्रांसमोरचा तोरा आणि शिरोडकर या मुलीशी प्रत्यक्ष दोन शब्द बोलताना होणारी तारांबळ यांतून असे दिसते की पौरुष ही आता आईने घ्यायची परीक्षा उरलेली नाही. ती मित्रांच्या टोळक्यापुढे करून दाखवायची गोष्ट झाली आहे. घर येथेही आहे, मात्र मुलगा घरात तोंड उघडत नाही.

या सगळ्या मुलांना एक गोष्ट मात्र जन्मतःच मिळालेली आहे : वर्गात बसण्याचा निर्विवाद हक्क. तो ज्यांना नव्हता त्यांची शाळा कथा-कादंबरीपेक्षा दलित आत्मकथनांत, म्हणजे स्वतःच्या जगण्याच्या कथनात, आधी उतरली. दया पवारांचे ‘बलुतं’ 1978 साली प्रसिद्ध झाले, शरणकुमार लिंबाळे यांचे ‘अक्करमाशी’ 1984 साली. ‘अक्करमाशी’च्या आरंभीच शाळेची सहल आहे. सवर्ण मुले एका झाडाखाली आणि महारांची मुले वेगळ्या झाडाखाली जेवायला बसतात, आणि उरलेसुरले अन्न या दुसऱ्या झाडाखालच्या मुलांच्या वाट्याला येते. धाडस, मैत्री, खिलाडूपणा हे शालेय कादंबरीने मुलगेपणाचे म्हणून सांगितलेले गुण येथे दाखवायला जागाच उरत नाही, कारण भूक त्यांच्या आधी उभी असते. त्यानंतर वर्गात मुलांना त्याच सहलीवर निबंध लिहायला सांगितले जाते.