कुलूप कुणी बनवलं?

परवा जुनी हार्ड डिस्क चाळताना माझी ट्रूक्रिप्टची फाइल सापडली. आत आजीच्या आठवणी आहेत, तिनं सांगितल्या तशा टाइप केलेल्या. पासवर्ड? आठवेना!

२००४ साली आलेलं हे फुकट सॉफ्टवेअर आम्ही डोळे मिटून वापरलं. लिहिणाऱ्यांनी नावं कधी सांगितलीच नाहीत. मूळ कोड मात्र पॉल ल रूच्या 'ई फोर एम'मधला. हे गृहस्थ पुढे तस्करीत शिरले, २०१२ साली पकडले गेले आणि २०२० मध्ये २५ वर्षांसाठी आत गेले. (आणि मी तिथे आजीला ठेवलं होतं!)

पण कुलूप पक्कं. ब्राझीलचा बँकर डॅनिएल दांतासच्या, २००८ साली जप्त झालेल्या डिस्क एफबीआयलाही वर्षभर खटपट करून उघडल्या नाहीत. पासवर्ड हजार-दोन हजार वेळा दळून त्यातून किल्ली निघते. पासवर्ड कुठेच साठवलेला नसतो, मग विचारणार कुणाला?

२८ मे २०१४ ला साइटवर अचानक पाटी लागली: हे वापरणं सुरक्षित नाही. धड कारण नाही! २०१५ साली संपलेल्या तपासणीत चोरदरवाजा काही सापडला नाही.

वारसदार व्हेराक्रिप्टनेही २०२३ मध्ये, १.२६ पासून, जुन्या फायली उघडणं बंद केलं. म्हणून १.२५.९ उतरवून घेतलंय. आजीच्या नावाचे सगळे प्रकार करून झाले. आज तिच्या गावाचं नाव घालून बघतो.