बडोदा संस्थानची परदेश शिष्यवृत्ती आणि धोरणविषयक संशोधन : डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

उमेदीच्या वयातील पदवीधरांना सार्वजनिक खर्चाने परदेशी पाठवावे, तेथे राज्यव्यवहाराच्या प्रश्नांवर संशोधन करू द्यावे आणि त्या ज्ञानाचा लाभ स्वदेशातील कारभाराला व्हावा, ही कल्पना आज नवी राहिलेली नाही. महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्या बडोदा संस्थानात विसाव्या शतकाच्या आरंभीच ती आचरणात आली होती. सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग १८९३ साली अमरेली भागात सुरू करणाऱ्या या राजाने उच्च शिक्षणासाठीही राज्याचा खजिना खुला केला. या धोरणाचे सर्वांत फलदायी आणि तितकेच अंतर्मुख करणारे उदाहरण म्हणजे डॉ. भीमराव आंबेडकरांना मिळालेली शिष्यवृत्ती होय. शिष्यवृत्तीने नेमके काय साधले आणि ती कोठे अपुरी पडली, याचा शोध घेणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

कराराचे स्वरूप :

मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयातून पदवी घेतल्यावर १९१३ साली आंबेडकर बडोद्याच्या सेवेत दाखल झाले. परंतु वडिलांच्या निधनामुळे ती सेवा लवकरच खंडित झाली. त्याच वर्षी ४ जून रोजी त्यांनी संस्थानाशी करार केला. दरमहा साडेअकरा पौंड याप्रमाणे तीन वर्षे शिष्यवृत्ती, नेमलेल्या विषयांचा अभ्यास आणि परतल्यावर दहा वर्षे संस्थानाची नोकरी, असे त्याचे स्वरूप होते. जुलै महिन्यात ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पोहोचले.

करारातील विनिमय स्पष्ट होता. संस्थान पैसा देणार आणि विद्यार्थी सेवा देणार. मात्र परतलेल्या विद्यार्थ्याला ती सेवा कोणत्या सामाजिक परिस्थितीत करावी लागेल, याचा विचार त्यात नव्हता. पुढील घटनांचे मूळ या त्रुटीत आढळते.

संशोधनाची फलश्रुती :

कराराची चौकट असली तरी कोलंबियात अभ्यासाचा परीघ विस्तृत राहिला. अर्थशास्त्राच्या जोडीला समाजशास्त्र, इतिहास, मानववंशशास्त्र व तत्त्वज्ञान हे विषय आंबेडकरांनी अभ्यासले. ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार व वित्तव्यवस्था या विषयावरील प्रबंध त्यांनी १९१५ साली लिहिला. ९ मे १९१६ रोजी मानववंशशास्त्राचे अध्यापक गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातींच्या उत्पत्तीविषयी निबंध वाचला.

प्रांतिक वित्तव्यवस्थेवरील त्यांचा ग्रंथ १९२५ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. त्यास प्रा. सेलिग्मन यांची प्रस्तावना असून तो सयाजीराव महाराजांना अर्पण केलेला आहे. १८७१ नंतर मध्यवर्ती सरकार प्रांतांना प्रथम ठरावीक रक्कम, पुढे काही महसुलाच्या बाबी आणि १८८२ पासून महसुलाचा वाटा देऊ लागले. या क्रमाची चिकित्सा या ग्रंथात आहे. केंद्र व प्रांत यांच्यातील आर्थिक संबंध हा केवळ हिशेबाचा प्रश्न नसून उत्तरदायित्वाचाही आहे, हे त्यातून स्पष्ट होते. राज्यकारभाराच्या जिवंत प्रश्नाला इतिहासाच्या आधारे भिडणारे हे धोरणसंशोधनच होते.

परतीचा प्रश्न :

१९१६ साली आंबेडकर लंडनला गेले व तेथील अर्थशास्त्र संस्थेत दाखल झाले. शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ साली त्यांना अभ्यास अर्धवट सोडून परतावे लागले. करारानुसार ते बडोद्यात रुजू झाले व महाराजांचे लष्करी सचिव म्हणून त्यांची नेमणूक झाली. परंतु कचेरीतील शिपाई त्यांच्या हाती कागद देण्याऐवजी दुरून टाकीत. शहरात राहण्यास जागा मिळेना. एका पारशी विश्रामगृहात नाव बदलून घेतलेला आश्रयही जमावाने हिरावला. अल्पावधीतच त्यांना बडोदा सोडावे लागले.

येथे शिष्यवृत्तीची मर्यादा उघड होते. महाराजांचा हेतू उदार होता, परंतु त्यांच्या आज्ञेची सत्ता कचेरीतील अस्पृश्यतेपर्यंत पोहोचली नाही. संस्थानाने विद्वान घडविला. त्याला सामावून घेणारी व्यवस्था मात्र घडविली नाही. परिणामी दहा वर्षांच्या सेवेचा लाभ बडोद्याला झाला नाही.

अपुरा राहिलेला अभ्यास आंबेडकरांनी मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयातील प्राध्यापकीतून केलेली बचत, कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे साहाय्य व नवल भथेना या मित्राकडून घेतलेले कर्ज यांच्या बळावर १९२० नंतर पूर्ण केला. १९२३ साली त्यांचा रुपयाच्या प्रश्नावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. भारतीय चलनविषयक हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी १९२५ साली साक्षही दिली. रिझर्व्ह बँकेच्या स्थापनेचे सर्व श्रेय या ग्रंथास देणे अतिशयोक्तीचे ठरेल. परंतु चलनधोरणाच्या चर्चेत एका भारतीय अभ्यासकाने स्वतंत्र भूमिका मांडली, हे निर्विवाद आहे.

उत्तरकालीन धोरण :

व्यक्तीच्या कृपेवर अवलंबून असणारी शिष्यवृत्ती अस्थिर असते, हा अनुभव आंबेडकरांनी धोरणाच्या पातळीवर नेला. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सदस्य असताना १९४२ साली दिलेल्या निवेदनात त्यांनी अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांच्या परदेशी शिक्षणासाठी सरकारी तरतुदीची मागणी केली. स्वातंत्र्यानंतर केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती योजना १९५४-५५ पासून सुरू झाली.

या योजनेच्या २०२२ सालच्या मार्गदर्शक सूचनांत भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास व सामाजिक अभ्यास यांविषयीचे भारताधारित संशोधन वगळण्यात आले. अशा विषयांची साधने देशातच उपलब्ध असल्याने परदेशी जाण्याची गरज नाही, असा युक्तिवाद त्यामागे होता. ऐतिहासिक दृष्टीने तो तपासून पाहण्याजोगा आहे. साधने देशात असली तरी ती वाचण्याची तुलनात्मक दृष्टी सर्वत्र सारखी मिळत नाही. शिवाय कंपनीच्या कारभाराची मूळ कागदपत्रे मोठ्या प्रमाणात लंडनमध्येच आहेत. जातींची उत्पत्ती किंवा कंपनीची वित्तव्यवस्था हे विषय घेऊन एखादा तरुण या सूचनांखाली अर्ज करता, तर त्याचा अर्ज स्वीकारला जाणे कठीण होते.

निष्कर्ष :

१. बडोद्याच्या शिष्यवृत्तीचे खरे फळ पदव्यांमध्ये नसून भारतीय वित्त, चलन व समाजरचना यांवरील मूलगामी संशोधनात आहे.

२. सेवेचा करार परतीची हमी देऊ शकला, परतलेल्याच्या प्रतिष्ठेची हमी देऊ शकला नाही.

३. अभ्यासविषयाचा परीघ संकुचित करणारी शिष्यवृत्ती कुशल अधिकारी घडवू शकेल. परंतु स्वतःच्या समाजाला नवे प्रश्न विचारणारा अभ्यासक तिच्यातून निर्माण होणे अवघड आहे.