ज्या गिअरात चढायचं, त्याच गिअरात उतरायचं

खोपोलीत बोरघाटाच्या पायथ्याशी माझ्या वडिलांचं गॅरेज होतं. पत्र्याची शेड, पुढे दोन ट्रक उभे राहतील एवढी मुरमाची जागा आणि मागे आमच्या दोन खोल्या. अण्णा इंजिनाच्या वाटेला जात नसत. ते फक्त ब्रेकचं काम करत. शू काढायचे, जुनं लायनर तोडायचं, नवं रिबीट मारून बसवायचं, ड्रम चढवून चाक हाताने फिरवून बघायचं. घाट उतरून आलेल्या गाडीचे लायनर तापले की एक करपट वास सुटतो. आमच्या घरात तो वास कायमचा होता. आईने धुतलेल्या चादरींनाही यायचा.

पुढे मी इतिहासाची शिक्षिका झाले आणि पस्तीस वर्षं मुलांना लढाया आणि तह शिकवले. ज्या रस्त्यावर आमचं घर चाललं त्याचा इतिहास मात्र पाठ्यपुस्तकात एका ओळीचाही नव्हता. तो मी शाळेच्या वेळेबाहेर, गॅझेटिअरची पानं चाळून आणि अण्णांना विचारून गोळा केला.

बोरघाटाची वाट फार जुनी. कल्याण आणि सोपारा या बंदरांतला माल इथून देशावर जायचा. कार्ले-भाज्याची लेणी वाटेवरच कोरलेली आहेत, ती उगीच नाहीत. पण ती वाट माणसांची आणि लमाणांच्या बैलांची होती, चाकांची नव्हती. १८०४ मध्ये आर्थर वेलस्लीने तोफा जाव्यात म्हणून ती जरा रुंद केली. तरी १८२५ मध्ये बिशप हेबर इथून चढून गेला तेव्हा गाडीने हा घाट चढायचं कुणाच्या मनातही येत नव्हतं. लोक घोड्यावर किंवा पायी जात, आणि माल बैलांच्या पाठीवर.

गाडीरस्ता झाला तो जॉन माल्कमच्या काळात. मुंबईच्या या गव्हर्नराने १० नोव्हेंबर १८३० रोजी तो खुला केला. कोकण आणि देश यांच्यातली भिंत या रस्त्याने पाडली, अशा अर्थाचं त्याने लिहून ठेवलं आहे. त्याचा आनंद खरा होता. पण भिंत पडली त्याच दिवशी उतारही सुरू झाला, हे मला त्यात वाचायला मिळालं नाही. बैल पाय रोवून थांबतो. चाक थांबत नाही, त्याला थांबवावं लागतं. अण्णांचा सगळा धंदा या एका फरकावर उभा होता.

घाटात शिंग्रोबाचं देऊळ आहे. शिंग्रोबा हा धनगर. साहेबाला डोंगरातली वाट त्याने दाखवली, बक्षीस काय हवं असं विचारल्यावर आमच्या देशाला स्वातंत्र्य दे म्हणाला, आणि साहेबाने त्याला गोळी घातली, अशी कथा सांगतात. ती वाट रस्त्याची की रेल्वेची, हे सांगणाऱ्यागणिक बदलतं. मी त्यात इतिहास शोधत बसत नाही. पण ड्रायव्हर लोक तिथे हात जोडत, नाणं टाकत, आणि नाणं टाकायला गाडीचा वेग कमी करावाच लागे. अण्णा म्हणायचे, "शिंग्रोबा नारळाला नाही पावत. गाडी हळू होते ना, त्याला पावतो."

१९७८ च्या पावसाळ्यातली एक रात्र मला अजून जशीच्या तशी दिसते. मी नववीत होते. चाकणचा कांदा भरलेला एक ट्रक मशीदबंदरला निघाला होता. तो आमच्या दारात थांबला तेव्हा मागच्या दोन्ही चाकांतून धूर येत होता. क्लीनरने उडी मारून आधी चाकाला दगड लावला आणि मग आमच्याच पिंपातली बादली भरून तो चाकाकडे धावला. अण्णा ओरडले, "पाणी नको! ड्रम तडकेल!" बादली त्याच्या हातातच राहिली. मग अण्णा कंदील घेऊन चाकापाशी उकिडवे बसले आणि तळहात ड्रमपासून वीतभर लांब धरला. त्यांनी हात कधी लावला नाही, नुसती धग घेतली. प्रत्येक चाकाशी तसंच. मग ड्रायव्हरला विचारलं, "उस्ताद, न्यूट्रल काढली होती ना?"

तो काही बोलला नाही. विशी-बाविशीचा असेल. त्याचे पाय थरथरत होते.

"डिझेल किती वाचलं?"

"अण्णा, शेठ ॲव्हरेज मागतो."

यात सगळं आलं. मालक ड्रायव्हरला डिझेल मोजून देई. ठरलेल्या ॲव्हरेजपेक्षा जास्त जळलं तर पगारातून कापायचा, वाचलं तर ते ड्रायव्हरचं. त्यामुळे खंडाळ्याला माथ्यावर आलं की न्यूट्रल करायची आणि गाडी घरंगळत सोडायची. कुणी इंजिनच बंद करायचे. गाडी गिअरमध्ये असते तेव्हा इंजिनच चाकांना मागे ओढून धरतं. न्यूट्रल केली की सगळं ओझं लायनरवर येतं. लायनर आणि ड्रम एकमेकांना घासून तापतात, तापलेल्या लायनरची पकड जाते, पॅडल दाबलं तरी गाडी ऐकत नाही. इंजिन बंद असेल तर ब्रेकला मिळणारी जोडही संपते. ड्रायव्हर म्हणतो ब्रेक फेल झाले. अण्णांना तो शब्द आवडत नसे. "फेल नाही झाले. दमले," म्हणायचे.

त्या पोराला त्यांनी रात्री जाऊ दिलं नाही. ड्रम आपोआप निवेपर्यंत दोन तास गेले. मग त्यांनी चाकं उघडली, काचेसारखे गुळगुळीत झालेले लायनर पॉलिशपेपरने घासले, आणि चहा देताना त्याला ते वाक्य सांगितलं. माझ्या लहानपणी ते मी शंभरदा तरी ऐकलं असेन: ज्या गिअरात चढायचं, त्याच गिअरात उतरायचं. पोराचा कांदा पहाटेच्या बाजाराला पोचला नाही. पुढे तो येता-जाता थांबायचा आणि आईला कांदे द्यायचा.

लायनरमध्ये तेव्हा ॲस्बेस्टॉस असायचं. अण्णा ती पूड तोंडाने फुंकून काढत. शेवटची सहा वर्षं ते खोकत होते.

याच डोंगरात रेल्वे आहे. १८५६ मध्ये तिचं काम सुरू झालं, १८६३ मध्ये गाडी घाट चढली. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये वारला, आणि ते कंत्राट त्याची बायको ॲलिस हिने पुरं करून घेतलं. हजारो मजूर इथे कॉलऱ्याने गेले, त्यांची नावं कुठे नाहीत. या रेल्वेकडून रस्त्याने एक गोष्ट शिकायला हवी होती, असं मला फार वाटतं. पुण्याहून मुंबईला जाताना गाडी मंकी हिल, ठाकूरवाडी अशा ठिकाणी उगाचच थांबल्यासारखी वाटते. ती उगाच थांबत नाही. पुढचा सांधा मुख्य रुळाकडे लावलेलाच नसतो. तो चढावर जाणाऱ्या एका आडव्या रुळाकडे असतो, त्याला कॅच सायडिंग म्हणतात. गाडीने पूर्ण थांबून ब्रेक ताब्यात आहेत हे दाखवायचं, मगच सांधा फिरतो. नाही थांबली, तर ती त्या आडव्या रुळावर जाते आणि चढच तिला अडवतो. रेल्वे ब्रेकच्या शब्दावर विश्वास ठेवत नाही, तपासून बघते. ड्रायव्हर चुकेल, लोखंड दमेल, हे तिथे आधीच धरलेलं आहे. अण्णा म्हणायचे, ट्रकलाही माथ्यावर असंच थांबवा, पाच मिनिटं फक्त.

जुन्या रस्त्याला वळणं होती आणि ती भीती घालत. एसटीचा ड्रायव्हर घाटाच्या तोंडाशी गिअर पाडायचा, इंजिन मोठ्याने घुमायला लागायचं आणि झोपलेले प्रवासी जागे व्हायचे. अरुंद जागी चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हा नियम कायद्यात आहे, आणि तो त्या काळी खरंच पाळला जाई. लोकांचा स्वभाव तेव्हा चांगला होता असं मी म्हणणार नाही. दरी समोर दिसत होती, हे खरं कारण.

मग २००२ मध्ये द्रुतगती मार्ग पूर्ण झाला. कळंबोलीपासून किवळ्यापर्यंत ९४.५ किलोमीटर, सहा पदरी. आम्हा घाटाखालच्या लोकांना त्याचं अप्रूप होतं. पण तो पूर्ण होण्याआधीच, फेब्रुवारी २००१ मध्ये, अभिनेत्री भक्ती बर्वे त्याच रस्त्यावर अपघातात गेल्या. डिसेंबर २०१२ मध्ये अभिनेते आनंद अभ्यंकर, अक्षय पेंडसे आणि पेंडसेंचा दोन वर्षांचा मुलगा गेले. समोरच्या बाजूचा टेम्पो दुभाजक ओलांडून त्यांच्या गाडीवर आला होता. त्या बातमीनंतर कितीतरी घरांत पहिल्यांदाच दुभाजकाला लोखंडी दोर का नाहीत, हा प्रश्न विचारला गेला. २०१६ मध्ये या एका रस्त्यावर १५१ माणसं मेली. त्याच वर्षी झिरो फॅटॅलिटी कॉरिडॉरचं काम सुरू झालं, एकेक धोक्याची जागा हेरून कठडे लावले गेले, आणि काही वर्षांत आकडा शंभराच्या खाली आला. मोजलं आणि मनावर घेतलं की मरण कमी होतं, याचा हा पुरावा आहे आणि मला तो फार मोलाचा वाटतो.

घाटाचं दुखणं मात्र राहिलंच. आडोशी बोगद्यापाशी जुना चौपदरी महामार्ग आणि सहा पदरी द्रुतगती मार्ग एकत्र येतात, आणि खंडाळ्यापर्यंत दहा पदरांची वाहतूक सहा पदरांत कोंबली जाते. हा तुकडा टाळून जाणारा 'मिसिंग लिंक' रस्ता आखला गेला तो याचसाठी. द्रुतगती मार्ग इतका सरळ आणि गुळगुळीत आहे की उतार डोळ्यांना कळत नाही. काच बंद, एसी चालू, वेग वाढलेला समजतच नाही. जुलै २०२५ मध्ये उतारावर ब्रेक गेलेल्या एका कंटेनरने वीसेक गाड्यांना ओळीने धडक दिली. एक बाई गेली. त्या गाड्यांतली बहुतेक माणसं आपापल्या लेनमध्ये, नियमाने चाललेली असणार.

त्यानंतर महिन्याभराने माझा भाचा मला पुण्याहून खोपोलीला आणत होता. त्याची कार ऑटोमॅटिक. खंडाळा सोडल्यावर त्याचा पाय सारखा ब्रेकवर.

"गिअर खाली घे," मी म्हटलं.

"आत्या, यात गिअर नसतात."

"असतात. दांड्याशी बघ, एल लिहिलंय का."

त्याने दांडा मागे ओढला. इंजिन घुमलं, गाडी आपसूक हळू झाली आणि त्याने पाय काढला. तो चकित झाला होता. लायसन्स काढताना हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

एक गोष्ट सांगायची राहिली, दगडांची. बिघडलेल्या ट्रकच्या चाकाला क्लीनर दगड लावतो, मागे आणखी दगड आणि झाडाच्या फांद्या मांडतो, म्हणजे येणाऱ्यांना कळावं. गाडी दुरुस्त झाली की ती निघून जाते आणि दगड रस्त्यातच राहतात. रात्री त्यावर स्कूटरवाला आदळतो. अण्णा रोज सकाळी गॅरेज उघडण्याआधी पोतं घेऊन घाटात दोन किलोमीटर चढून जात आणि असे दगड उचलून आणत. सुट्टीच्या दिवशी मी बरोबर असे. मोठे ते उचलत, लहान माझ्याकडे. रस्त्याच्या कडेला ढकलले तरी चाललं असतं, पण उद्या दुसरा क्लीनर तेच उचलून लावेल, म्हणून ते खाली आणायचे. गॅरेजच्या मागे ढीग साचला होता, माझ्या खांद्याएवढा.

ते गेल्यावर शेड विकली. घेणाऱ्याने ढीग पाहून विचारलं, हे कशाचे? मी सांगितलं. त्याने ते वाया घालवले नाहीत, कुंपणाची भिंत बांधली. ती अजून उभी आहे. खालच्या थरातल्या दोन-तीन दगडांवर ऑइलचे काळे डाग आहेत, आणि एकावर टायरची नक्षी उमटलेली आहे.