मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये निगेटिव्ह आयन कसे वाढवतात? वायूंच्या मिश्रणाची सोपी माहिती

भाजीवर कीटकनाशकाचा अगदी सूक्ष्म अंश उरला असेल तर तो लॅबमध्ये कसा सापडतो? त्यासाठी मास स्पेक्ट्रोमीटर वापरतात. हे यंत्र रेणूंना वस्तुमानानुसार वेगळं करतं, पण त्याआधी रेणूवर विद्युतभार यावा लागतो. भार आलेल्या रेणूला आयन म्हणतात.

नेहमीची पद्धत
तापलेल्या फिलामेंटमधून निघालेले इलेक्ट्रॉन ७० इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेने रेणूवर आदळतात. रेणूतला एक इलेक्ट्रॉन उडून जातो आणि पॉझिटिव्ह आयन बनतो. बऱ्याचदा रेणूचे तुकडेही होतात.

निगेटिव्ह आयनसाठी काय लागतं?
इथे उलट आहे. रेणूने बाहेरचा इलेक्ट्रॉन पकडायचा असतो. भरधाव चेंडू हातातून निसटतो, हळू आलेला सहज झेलता येतो, तसंच हे. म्हणून यंत्रात मिथेन वायू सोडतात. मिथेनला धडकून इलेक्ट्रॉन मंदावतात, शिवाय मिथेनमधून नवे मंद इलेक्ट्रॉनही सुटतात. नुकत्याच बनलेल्या आयनची जास्तीची ऊर्जाही मिथेन काढून घेतो, त्यामुळे तो टिकतो.

फायदा कुठे?
एंडोसल्फानचं उदाहरण घ्या. भारतात २०११ मध्ये सुप्रीम कोर्टाने यावर बंदी घातली. त्याच्या रेणूत ६ क्लोरीन अणू असतात, त्यामुळे तो इलेक्ट्रॉन चटकन पकडतो. भाजीतले बाकीचे बहुतेक रेणू पकडत नाहीत. त्यामुळे गोंगाट कमी होतो आणि एंडोसल्फान उठून दिसतं. १९७६ मध्ये अमेरिकेतल्या डोनाल्ड हंट आणि सहकाऱ्यांनी एकाच तपासणीत पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह असे दोन्ही आयन नोंदवण्याची पद्धत मांडली.

मग मिश्रण कशाला?
सगळेच रेणू इलेक्ट्रॉन पकडत नाहीत. अशा वेळी मिथेनमध्ये नायट्रस ऑक्साइड मिसळतात. नायट्रस ऑक्साइड इलेक्ट्रॉन घेऊन तुटतो आणि ऑक्सिजनचा निगेटिव्ह आयन देतो. तो मिथेनकडून हायड्रोजन ओढून हायड्रॉक्साइड आयन बनतो. हा हायड्रॉक्साइड आयन अल्कोहोलसारख्या रेणूंतून प्रोटॉन काढून घेतो. उरतो तो आपल्याला हवा असलेला निगेटिव्ह आयन!

लक्षात ठेवा
नायट्रस ऑक्साइडमुळे तापलेली फिलामेंट लवकर खराब होऊ शकते. तसंच वायूचा दाब किंवा मिश्रणाचं प्रमाण बदललं की निकालही बदलतो. म्हणून नमुना आणि प्रमाणित द्रावण एकाच सेटिंगवर तपासावं लागतं. नाहीतर आकडा येईल, पण त्यावर भरवसा ठेवता येणार नाही.